येतोय का आवाज?

घरात त्याला सगळे ‘इंजिनीअर’ म्हणत, आणि तो इंजिनीअर नव्हता. एका टायर कंपनीच्या ऑफिसात तो गोदामातल्या मालाच्या नोंदी ठेवायचा. पण हातात स्क्रू ड्रायव्हर आला की गड्याच्या चालण्यात फरक पडायचा. मिक्सर, इस्त्री, दाराची कडी, जे बिघडेल ते त्याच्या हाताखालून जायचं आणि निम्म्या वेळा आणखी बिघडून परत यायचं. बायकोने हे नाव ठेवलं ते थट्टेने. त्याने ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं.

त्या शनिवारी सकाळी इंजिनीअर स्वयंपाकघरात स्टुलावर चढून, राउटर दोन्ही हातांत धरून, फ्रिजच्या माथ्यावर त्याच्यासाठी नवी जागा शोधत होता. खाली त्याची बायको हाताची घडी घालून उभी. तिला आज काहीही करून इंटरनेट नीट करून हवं होतं, आणि या बाबतीत नवऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

“मला मूळ कारण सापडलंय,” तो वरून म्हणाला. “उंची.”

“मागच्या वेळी तू भिंत म्हणाला होतास.”

“तेव्हा भिंतच होती.”

ती स्पीच थेरपिस्ट. अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हा तिचा धंदा. आधी ती त्यासाठी दवाखान्यात जायची. मग सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि घरात दिवसभर कोणीतरी हवं म्हणून तिने काम घरी आणलं. मागच्या खोलीत टेबल टाकलं, लॅपटॉप मांडला, कानाला हेडफोन लावले आणि पडद्यावरून मुलांना शिकवायला लागली. तेव्हापासून हे दुखणं मागे लागलेलं. पोर पडद्यावर छान दिसतंय, पाय हलवतंय, हसतंय; हिने “हं, आता हळूच फुंकर घाल” म्हणायचा अवकाश, पोराचं तोंड उघडं ते उघडंच. चित्र गोठलं. शिकवणारी बाईच अडखळायला लागली तर आईबापांनी किती दिवस सोसायचं? दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी परवा तोडून सांगितलं होतं, सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर तुझ्याकडची मुलं दुसरीला देते.

आणि सोमवारीच अप्पांना शुश्रूषा केंद्रात हलवायचं ठरलं होतं. गावाबाहेरची शांत जागा, स्वच्छ खोल्या, खाली बाग. ठरवताना नवरा रडला होता. ती रडली नव्हती, कारण रोजचं सगळं तिच्या अंगावर होतं आणि तिला नाकीनऊ आले होते. अप्पांना आजूबाजूचं कितपत कळतं हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. पण एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. अप्पा कधी काही मागत नसत. तहान नाही, भूक नाही, कुशीवर वळवा म्हणणं नाही, हाक नाही. केंद्राच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा तिने हेच सांगितलं, आणि ते म्हणाले, ज्याला स्वतःची गरजच जाणवत नाही त्या माणसाला घर काय आणि केंद्र काय, सारखंच. त्या वाक्याने तिच्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं होतं. अप्पांच्या कानावर ही गोष्ट उद्या, रविवारी संध्याकाळी घालायची होती. कळणार काही नाही, पण सांगायला हवं, असं इंजिनीअरचं म्हणणं.

म्हणजे परवापासून तिला दिवसभर काम घेता येणार होतं, आणि ते काम ज्याच्यावर चालायचं ते नेट मात्र असं.

राउटर फ्रिजवरून कपाटावर गेला, कपाटावरून बोळातल्या खुंटीवर गेला. इंजिनीअरने तो बंद करून चालू केला, चालू करून बंद केला. त्याचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. मग दोघं मागच्या खोलीत आली आणि त्याने लॅपटॉपवर स्पीड मोजायचं पान उघडलं. पडद्यावर गाडीला असतो तसला काटा. काटा थरथरत उठला आणि सरळ वर जाऊन उजवीकडे टेकला.

हे तर नेहमीचंच होतं. नेट कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी हेच पान उघडलं, काटा फिरत असताना खोलीतले सगळे परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखे गप्प राहिले, काटा वर टेकला, आणि माणसं “मॅडम, स्पीड तर फुल आहे” म्हणून चहा पिऊन गेली.

“बघ,” इंजिनीअर म्हणाला. “उंचीच होती. झालं काम. तुझं आपलं उगाच...”

“उगाच?” तिचा पारा चढला. “उगाच म्हणे. रोज लोकांच्या पोरांपुढे तोंडघशी मी पडते, तू नाही. त्या बाईंची बोलणी मी खाते. तू नुसता स्टुलावर चढतोस आणि उतरतोस, कपाटावरची धूळ तेवढी...”

ती बोलत सुटली, आणि बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली. काटा धाडकन खाली आला होता. जमिनीला चिकटल्यासारखा पडून होता.

ती थांबली. काटा एक क्षण तसाच राहिला, मग उठला आणि चढत चढत पुन्हा वर जाऊन टेकला.

“बोल,” इंजिनीअर दबक्या आवाजात म्हणाला.

“काय बोलू?”

काटा खाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. काटा सावकाश वर गेला.

“लॅपटॉप तुला कंटाळलाय,” इंजिनीअर म्हणाला, पण तोही बोलला तसा काटा पडला, त्यामुळे विनोद त्याच्याच अंगावर आला. त्याने खात्री करायला पाढे म्हणून बघितले. बे एके बे, बे दुणे चार. काटा उठायलाच तयार नाही. गप्प बसला, काटा वर. टाळी वाजवली, काटा खाली. त्याने लॅपटॉपचा माइक बंद केला, हेडफोन काढून फेकले, पुन्हा टाळी वाजवली. तेच.  इतके महिने ती या यंत्राला शिव्या घालत होती, आणि कधीही मनात आलं नव्हतं की बिघाड आपण बोलतो तेव्हाच होतो. या खोलीत ती एरवी एकटीच असायची. काटा बघायची तेव्हा ती गप्प असायची, आणि बोलायची तेव्हा काटा बघत नसायची.

“लॅपटॉप घेऊन चल स्वयंपाकघरात,” ती म्हणाली. आता हुकूम तिचे सुटायला लागले.

स्वयंपाकघरात त्यांनी घसा फुटेस्तोवर पाढे म्हटले. काटा ढिम्म हलला नाही, वरच्या वर टेकून राहिला. म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता, राउटरचा नव्हता. मागच्या खोलीतच काहीतरी होतं, जे आवाज झाला की जागं होत होतं.

परत येऊन त्यांनी त्या खोलीतल्या वायरी एकेक करून उपटायला सुरुवात केली. प्रिंटर काढला, टाळी. काटा खाली. टेबलावरचा दिवा काढला, टाळी. खाली. फोनचा चार्जर, तेच. शेवटी टेबलाला लागून असलेल्या फळीवर, मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांआड, भिंतीत खोचलेली एक वायर उरली. ती तिने स्वतः ओढली. इंजिनीअरने टाळी वाजवली.

काटा वरच राहिला. त्याने आणखी जोरात वाजवली. तिने आरोळी ठोकली. काटा हलला नाही.

वायरीच्या दुसऱ्या टोकाला मुठीएवढा पांढरा डबा होता. ही जोडी तिच्या ताईने दिलेली. ताईची मुलं तान्ही असताना पाळण्यापाशी ठेवायचं ते यंत्र: एक डबा बाळाजवळ, एक आईजवळ. बाळ रडलं की आईच्या डब्यातून ऐकू यायचं. अप्पांची खोली घराच्या एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला; अप्पांनी नुसता आवाज करून हाक मारली तरी हिला काम करता करता कळावं, म्हणून ते आणलं होतं. आणि ते लावलं होतं, सांगायलाच नको, इंजिनीअरने.

“सापडला चोर,” इंजिनीअर खुशीत आला. “जुनं मॉडेल आहे ना. याची आणि वायफायची हवेतली वाट एकच. हा बोलायला लागला की शेजारच्या लॅपटॉपला काही ऐकूच येत नाही. मी म्हणत नव्हतो, वरवर दिसतं तसं नसतं?”

तो असलं काही म्हणाला नव्हता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने वायर परत खोचली.

“पण हा आपण बोललो की का जागा होतो?” ती म्हणाली. “हा ऐकवायचा डबा ना? अप्पा बोलले तर याने बोलायचं. आपण बोललो तर याला काय करायचंय?”



तिने डबा डोळ्यांजवळ धरला. पोटाला बारीक भोकं होती, आणि ती बोलली तसा भोकांशेजारी एक हिरवा दिवा लागला होता. ती गप्प झाल्यावर तो विझला.

“तू इथेच थांब,” ती म्हणाली. “काहीतरी बोलत राहा. ओरडू नकोस, साधं बोल.”

बोळ ओलांडून ती अप्पांच्या खोलीशी आली. दार लोटलेलं होतं. आत हवेच्या गादीचा पंप नेहमीसारखा घुरघुरत होता. अप्पा डाव्या कुशीवर, तोंड दाराकडे. उशाशी, पलंगाच्या कठड्याला बँडेजच्या पट्टीने करकचून बांधलेला दुसरा पांढरा डबा. आणि त्या डब्यातून तिचा नवरा बोलत होता.

“हॅलो. हॅलो. बे त्रिक सहा. बे चोक आठ. येतोय का आवाज?”

आवाज बारीक होता, पण इतका स्वच्छ की नवऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. ती दारातच खिळली. अप्पा तिच्याकडे बघत होते. डब्याकडे नाही, तिच्याकडे. इतक्या दिवसांनी हिला कळलं, असं काहीतरी त्या नजरेत होतं, आणि ती नजर ज्याला काही कळत नाही अशा माणसाची नव्हती.

डबे उलटे लागले होते. बाळाचा तिच्याजवळ आणि आईचा अप्पांजवळ.

कसं झालं हे कळायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही, नवऱ्याला ती ओळखून होती. अप्पांच्या पलंगाजवळ प्लगची एकच जागा, ती गादीच्या पंपाने अडवलेली. एक डबा वायरीचा, दुसरा सेलवर चालणारा. इंजिनीअरने सोय बघितली आणि सेलवाला अप्पांना दिला. कुठला बाळाचा नि कुठला आईचा याची चित्रं ताईच्या पोरांनी केव्हाच खरवडून काढलेली. मग चाचणी झाली. अप्पांच्या खोलीतून तो “येतोय का आवाज” म्हणून असा काही ओरडला की तिला ते बोळातून, दोन बंद दारांतून ऐकू आलं. ती फळीवरच्या डब्याशी वाकून हळूच म्हणाली, “येतोय, येतोय.” ते त्याला अप्पांच्या उशाशी ऐकू गेलं. दोघांचंही समाधान झालं. त्यानंतर ती अप्पांच्या खोलीत असली की मागच्या खोलीत बोलायला कोणी नसायचं, तो दिवसभर ऑफिसात असायचा, आणि अप्पांना अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी तिचं काम सुरू व्हायच्या आत निघून जायच्या. कळणार कोणाला?

अप्पांना. अप्पांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. सुरुवातीला ते डाव्या हाताने तो डबा पुन्हा पुन्हा पाडायचे. पाडायचे आणि तिच्याकडे बघायचे. मावशी वैतागल्या, तेव्हा तिनेच बँडेजची पट्टी काढून दिली होती, बांधून टाका म्हणून.

 मागच्या खोलीत आपण काय काय बोललो हे तिला आठवायला लागलं आणि थांबवता येईना. मुलांचे धडे होते, ते सोडा. दुपारचे ताईचे फोन होते. “त्यांना काय कळतंय गं,” ती ताईला म्हणाली होती. “टेबलाला सांगितलं काय नि त्यांना सांगितलं काय.” तोंडातून गळणाऱ्या लाळेबद्दल बोलली होती, चादरींबद्दल बोलली होती, आणि त्यावर दोघी बहिणी हसल्याही होत्या. एकदा, फार दमलेली असताना, ती म्हणाली होती, “कधी कधी वाटतं ताई, झटका आला तेव्हाच जर...” आणि वाक्य अर्धं सोडलं होतं. ते पुरं करायची गरज ताईला नव्हती, आणि अप्पांनाही नसणार. अप्पा कोर्टात लघुलेखक होते. दुसऱ्यांचं बोलणं शब्दाला शब्द टिपून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

केंद्राच्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं तर तिने फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून केलं होतं.

“अरे, इकडे ये,” तिने नवऱ्याला हाक मारली. आवाज फुटला नाही धड. “इकडे ये ना लवकर.”

“बे पंचे दहा,” डबा म्हणाला.

“अरे, ऐकतोस का? इकडे ये.”

“अगं, काहीतरी बोल की,” डब्यातून नवरा म्हणाला. “मी इकडे एकटाच बडबडतोय. तुझा काही आवाजच नाही.”

ती त्याला पुन्हा हाक मारणार होती, ती तिच्या ओठांवरच राहिली. तिचं लक्ष इतका वेळ अप्पांनी काय ऐकलं याच्याकडे होतं. आता तिला दुसरी बाजू दिसली. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर मटकन बसली. या खोलीतून मारलेली हाक कुठेच जात नव्हती. कधीच गेली नव्हती. अप्पा काही मागत नाहीत, हे तिने डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, ताईला सांगितलं, आणि त्यावर सगळं ठरलं. अप्पा मागत होते की नाही हे कोणाला माहीत होतं?

एरवी ती या खोलीत कधी बसत नसे. यायची, पाण्याचं भांडं तोंडाला लावायची, चादर ओढायची, पुढच्या मुलाची वेळ झाली म्हणून निघायची. आज तिला उठता येईना, म्हणून ती बसून राहिली. आणि ती बसून राहिली म्हणून अप्पांना वेळ मिळाला.

त्यांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवर हललं. टप, टप. थोडं थांबून पुन्हा, टप, टप. हे बोट तिने पूर्वीही हलताना बघितलं होतं, आणि हात आपोआप हलतो, असं डॉक्टरांना कळवलंही होतं. पण आता ती जवळ होती, आणि तिला ठेका ओळखू आला. तो तिचाच होता. बोटाने ठेका धरायचा, हळूच फुंकर घालायची, आणि शब्द जोर न करता त्या फुंकरीवर सोडून द्यायचा. रोज सकाळी ती मुलांना हे सांगत होती. आणि मुलांच्या आयांना सांगत होती, त्याला घाई करू नका, त्याच्या तोंडात शब्द घालू नका, नुसतं थांबा, तुम्ही थांबलात तर तो बोलेल.

अप्पांना शिकवायचा प्रयत्न तिनेही केला होता, नाही असं नाही. झटक्यानंतर थोडे दिवस ती त्यांच्यापुढे मांजराचं चित्र धरून “हे काय, सांगा बघू” म्हणायची. अप्पा मान फिरवायचे. जन्मभर न्यायाधीशांच्या शेजारी बसलेला माणूस मांजराकडे बघून मान फिरवील नाही तर काय करील, हे तिला आज सुचत होतं.

टप, टप. अप्पांनी ओठ गोल केले. फुंकर आली.

“पा...” आणि बऱ्याच वेळाने, “...णी.”

तिने दोन्ही हातांनी पाण्याचं भांडं उचलून त्यांच्या तोंडाला लावलं. निम्मं त्यांच्या गळ्यावर सांडलं. अप्पा घोटाघोटाने सगळं प्यायले. तिने पुन्हा भरलं, तेही प्यायले. सकाळपासून त्यांना कोणी पाणी दिलं नव्हतं. घर राउटरच्या मागे लागलं होतं.

“अप्पा, तुम्ही हाका मारत होतात?” तिने विचारलं.

अप्पांनी डोळे मिटून उघडले.

“रोज?”

 विचारण्यासारखा प्रश्न नव्हता तो.

“अप्पा, मी ताईशी जे बोलले...” तिने सुरुवात केली, आणि पुढे शब्द सापडेना. लोकांच्या पोरांना शब्द काढून देणारी बाई, तिचीच जीभ टाळूला चिकटली. ते मनातलं नव्हतं म्हणावं, तर ते मनातलंच होतं. दमले होते म्हणावं, तर दमणं त्यांनीही ऐकलं होतं. ती रडायला लागली. अप्पा बघत होते. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलायची, त्यामुळे त्यांना राग आलाय की दया आलीये, हे ओळखणं कठीण होतं.

“तुम्ही कुठेही जायचं नाही,” ती नाक पुसत म्हणाली. “सोमवारचं रद्द. मी आत्ताच फोन करते त्यांना. डबे बदलू, मी माझं टेबल इथेच आणते, तुमच्या खोलीत. मला माहीत नव्हतं हो अप्पा. आम्हाला काहीच माहीत नव्हतं.”

अप्पांनी मान हलवली. उशीवर घासत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बोटाने ठेका धरला.

“जा...तो.”

“नाही, असं रागाने नका बोलू. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून तुम्ही...” आणि ती थांबली. ती त्यांच्या तोंडात शब्द घालत होती. तिने ओठ मिटले, हात मांडीवर ठेवले आणि आयांना सांगायची तशी थांबून राहिली. टप, टप. पंप घुरघुरत होता. उशाशी नवऱ्याने पाढे सोडून शीळ घालायला सुरुवात केली होती.

“ति...थं,” अप्पा म्हणाले. दम घेतला. “हाक... ऐक...तात.”

पहिल्यांदा तिला अर्थच लागला नाही. मग लागला. केंद्राच्या डॉक्टरांनी त्या फोनवर आपली सगळी सोय वाचून दाखवली होती, बाग, खोल्या, जेवणाच्या वेळा. शेवटी म्हणाले होते, आमच्याकडे हाक मारली की माणूस येतो, रात्री असो, दिवसा असो, कोणी ना कोणी येतंच. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. अप्पा तर हाक मारत नाहीत, मग त्याचं काय एवढं, असं तिला वाटलं होतं. आणि इकडे, या उशीवर, तहानलेल्या माणसाने ते वाक्य ऐकलं होतं. त्याला घरातून काढून देत होते म्हणून तो खचला नव्हता. तो सोमवारची वाट बघत होता.

तिला ओरडावंसं वाटलं. कोणावर, ते कळेना.

शीळ थांबली. बोळात पावलं वाजली आणि इंजिनीअर कपाळाला आठ्या घालून दारात आला.

“अगं, किती वेळ बोलतोय मी. येतोय का नाही आवाज, एवढं सांगायला काय...” त्याने तिचं तोंड बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. “काय झालं? अप्पांना काही झालं का?”

“अप्पा बोलले,” ती म्हणाली.

तिला यापुढचं सांगायचं होतं. डब्यांचं, पाण्याचं, फोनचं. पण त्याने तेवढंच ऐकलं आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला पुढे बोलवेना. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने त्याला इतकं आनंदात बघितलं नव्हतं.

“खरं सांगतेस? बोलले?” तो पलंगापाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने वडिलांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. “अप्पा. अप्पा, काय म्हणालात? मलाही सांगा ना. पुन्हा एकदा म्हणा.”

“नको,” ती म्हणाली. “अप्पा, आत्ता नको. थांबा.”

अप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मुलाच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला, चादरीवर ठेवला, बोट उचललं. इंजिनीअर त्यांच्या ओठांकडे एकटक बघत होता. तोंडावरचं हसू तसंच, डोळ्यांत पाणी.

“जातो मी,” अप्पा म्हणाले. “तिथं हाक ऐकतात.”

या वेळी एकही अक्षर अडलं नाही.